दहा लाखांचा प्रश्न आणि एक कोटी चाळीस लाखांची सही

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वय ५४. सहा एकर बागायत, त्यात चार एकर केळी. केळीला एकरी दीड लाख खर्च येतो, घरखर्च महिन्याला ४० हजार. मुलगी जळगावला विद्यापीठात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करते आहे. गेल्या दोन हंगामांत भाव चांगला सापडला, त्यातून १४ लाखांच्या ठेवी झाल्या : ९ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, ५ लाख पतसंस्थेत. माझ्या साडूंची केळीच्या टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत ऊतकापासून वाढवलेल्या) रोपांची प्रयोगशाळा आहे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. क्षमता वर्षाला २० लाख रोपांची; गेल्या वर्षी ७ लाख रोपं १६ रुपयांनी विकली. सरकारी प्रमाणपत्राची प्रक्रिया सुरू आहे. साडू म्हणतात, दहा लाख टाका, वर्षाला १८ टक्के देतो, पुढे कंपनीत हिस्साही देतो. मुलीलाही तिथेच लावून घेणार आहेत. बायोटेक क्षेत्र दहा वर्षांत सोळा पट वाढल्याचा अहवाल त्यांनी दाखवला. त्यांच्याकडे पैसे टाकू, की शेअर बाजारातल्या बायोटेक कंपन्यांत? माणूस खात्रीचा आहे. तसा कंपनीच्या १ कोटी ४० लाखांच्या कर्जाला (११ टक्के, ७ वर्षं) मी जामीनदार आहेच, जळगावचं ७० लाखांचं घरही तारण दिलं आहे, त्यामुळे आतलं सगळं माहीत असतं. पुढच्या महिन्यात ४० लाखांचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाची उचल) मंजूर होतंय, तिथे एक सही बाकी आहे. त्या फाइलसोबत बँकेतल्या साहेबांनी वर्षाला १ लाख हप्त्याची पॉलिसी दिली. कागद तीन आठवड्यांपूर्वी घरी आले.

उत्तर :

भाऊ, दहा लाखांचं उत्तर आधी देतो : टाकू नका. साडूंकडेही नको आणि निवडक बायोटेक शेअरमध्येही नको. कारणं पुढे येतील. पण तुमचं पत्र वाचताना माझी नजर अडकली ती "तसा मी जामीनदार आहेच" या वाक्यावर. दहा लाखांसाठी तुम्ही पानभर लिहिलंत आणि एक कोटी चाळीस लाख एका ओळीत उरकलेत. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग त्या ओळीवरच खर्च होणार आहे.

जामीनदाराची सही ही ओळखीची सही नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी साडूंच्या मागे लागावं, तिथे काही मिळालं नाही तरच तुमच्याकडे यावं, अशी कायद्यात अट नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक होतं. मग सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाची तारणातून वसुली करण्याचा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर बँक कोर्टात न जाताही तारण घराचा ताबा घेऊ शकते. शेतजमीन त्या कायद्याच्या बाहेर आहे, एवढाच दिलासा. तोही अपुरा, कारण घर विकून रक्कम फिटली नाही तर उरलेल्या पैशासाठी बँक तुमच्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकते. आणि हे कर्ज जामीनदार म्हणून तुमच्या सिबिलमध्येही दिसतं. उद्या खातं बिघडलं तर तुमचं स्वतःचं पीककर्ज अडेल.

आता साडूंची कंपनी हा बोजा पेलते का, ते तुमच्याच आकड्यांवरून पाहू. १ कोटी ४० लाख, ११ टक्के, ७ वर्षं : हप्ता महिन्याला साधारण २ लाख ४० हजार, वर्षाला २९ लाख. गेल्या वर्षीची विक्री ७ लाख रोपं गुणिले १६, म्हणजे १ कोटी १२ लाख. या धंद्यात वाढकक्षांचे एसी आणि दिवे सतत चालतात, ऑटोक्लेव्ह (निर्जंतुक करणारं यंत्र) चालतं, लॅमिनारपुढे (स्वच्छ हवेच्या मेजापुढे) बसणाऱ्या कुशल मुलींचा पगार असतो, वाढीच्या माध्यमाचा खर्च असतो, काही बाटल्या बुरशीने जातात, हार्डनिंगमध्ये (रोप बाहेरच्या हवेला सरावताना) रोपांची मर होते. हे सगळं जाऊन शंभरातले वीस उरले, असा उदार हिशोब मी धरतो. उरले २२ लाख. हप्ता २९ लाखांचा. म्हणजे गेल्या वर्षी सात लाख कमी पडले, आणि ते कुठून आले हे तुम्ही आतलं माहीत असूनही लिहिलेलं नाही.

त्यात ४० लाखांचं कॅश क्रेडिट पूर्ण उचललं तर व्याज साडेचार लाख, आणि तुम्हाला कबूल केलेले १ लाख ८० हजार. वर्षाला ३५ लाख मोकळे पडायचे तर ११ लाख रोपं विकावी लागतील, म्हणजे गेल्या वर्षीच्या दीडपटीहून जास्त. पाच बाय पाचची लावण धरली तर सव्वासहाशे एकर नवी लागवड केवळ या एका प्रयोगशाळेच्या रोपांवर. तीही जळगाव जिल्ह्यात, जिथे जैन इरिगेशनसारखी कंपनी दरवर्षी कोट्यवधी केळी रोपं तयार करते आणि गुजरातच्या प्रयोगशाळांच्या गाड्याही येतात. तुमचे दहा लाख या हिशोबात म्हणजे चार महिन्यांचे हप्ते. प्रयोगशाळा त्याने वाढणार नाही.

शिवाय हप्ता दर महिन्याला येतो आणि रोपं दर महिन्याला विकली जात नाहीत. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लावण) आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या अखेरची), हे दोनच खरे हंगाम, हे तुम्हाला मी सांगायला नको. कंदापासून ऊतक घेऊन, त्याचे फुटवे वाढवून, मुळं फुटून, हार्डनिंग होऊन रोप शेतात जाण्याजोगं व्हायला वर्षाच्या आसपास काळ जातो. म्हणजे पुढच्या मृगाला मागणी किती असेल, याचा अंदाज आत्ताच बांधून पैसे गुंतवायचे. मधल्या काळात केळीचा भाव पडला की शेतकरी नवी लावण पुढे ढकलतो आणि पीलबागेवर (जुन्या झाडाच्या फुटव्यांवर) भागवतो. तयार रोप मात्र थांबत नाही. ते पिशवीत वाढतं आणि फेकावं लागतं.

आणि सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणू. २०२०च्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात शेतकऱ्यांनी बागांतली कोवळी रोपं उपटून बांधावर टाकली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. हा विषाणू मावा पसरवतो, पण बाधित मातृरोपातून टिश्यू कल्चरच्या रोपातही येऊ शकतो. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांची राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली : मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, विषाणूची तपासणी, रोपं एकसारखी असल्याची खात्री. साडूंची "प्रक्रिया सुरू आहे" म्हणजे ही मान्यता अजून नाही. एका हंगामाची रोपं बाधित निघाली तर शेतकरी भरपाई मागायला दारात उभे राहतील, पुढच्या हंगामाची विक्री बुडेल, आणि हप्ता थकलेला असेल. त्याच वेळी तुमच्या चार एकरांतही तोच रोग असेल.

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तुमचं उत्पन्न केळीवर. तुमचं घर केळीच्या रोपांवर. आता ठेवीही तिथेच आणि मुलीचा पगारही तिथेच. मे-जूनचं वादळ, विषाणू, पडलेला भाव, यातलं काहीही आलं तरी चारही ठिकाणी एकदम बसेल. साडू प्रामाणिक आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण सीएमव्ही माणसाचा स्वभाव बघून येत नाही.

आता त्या अहवालाबद्दल. आकडा खोटा नाही. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या अहवालांप्रमाणे भारताची जैवअर्थव्यवस्था २०१४ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये १६५ अब्जांवर गेली, आणि २०३०चं लक्ष्य ३०० अब्जांचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने बायोई३ हे जैवउत्पादनाला चालना देणारं धोरणही मंजूर केलं. पण त्या १६५ अब्जांत मोठा वाटा औषधं-लसींचा आणि औद्योगिक जैवउत्पादनांचा आहे. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉलसुद्धा त्यातच मोजलं जातं. इथेनॉल वाढलं म्हणून रावेरच्या केळी रोपाला १६चे १८ रुपये मिळत नाहीत. हा अहवाल दाखवून पैसे मागणं म्हणजे हैदराबादच्या लसीच्या नावावर खान्देशात उधारी मागणं आहे, आणि असे आकडे पुढे करून पैसे गोळा करणारे लोक मला अलीकडे फार दिसतात.

क्षेत्र वाढणं आणि पैसे लावणाऱ्याला नफा मिळणं यांतलं अंतर पाहायचं असेल तर आपल्याच कापसाकडे बघा. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांत देशाचा बहुतेक कापूस बीटी झाला. यापेक्षा मोठा प्रसार शेतीतल्या कुठल्या जैवतंत्रज्ञानाचा झाला? तरी बियाण्याच्या पाकिटाचा कमाल दर सरकार ठरवतं : बीजी-२ (बीटीचा दुसरा, सुधारित प्रकार) चं पाकीट २०१६ मध्ये ८०० रुपये, २०२५ मध्ये ९०१. नऊ वर्षांत साडेबारा टक्के वाढ. मधल्या काळात गुलाबी बोंडअळीने त्या तंत्राची ताकदही कमी केली. शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेल्या धंद्यात भाव मनासारखे वाढवता येत नाहीत, आणि केळीचं रोप त्याच प्रकारातलं आहे.

१८ टक्क्यांबद्दलही स्पष्ट बोलतो. हिस्सा असेल तर ठरलेलं व्याज नसतं. ठरलेलं व्याज असेल तर तो हिस्सा नसतो, ती उसनवार असते. खाजगी कंपनीला संचालकाच्या नातेवाइकाकडून काही अटींवर कर्ज घेता येतं, पण कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांच्या व्याख्येत साडू बसत नाही. म्हणजे या रकमेला ठेवींचे नियम लागू होतील. तसा कागद कंपनीच्या सीएने केला आहे का, हे विचारा. आणि ११ टक्क्यांनी कर्ज देणारी बँक आणखी पैसे द्यायला तयार असती, तर साडूंनी तुम्हाला १८ कशाला देऊ केले असते?

आता करायचं काय.

कॅश क्रेडिटवर सही करू नका. हे पहिलं, आणि बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं कराच. मग तुम्ही केलेल्या हमीपत्राची प्रत बँकेकडून लेखी अर्ज देऊन मागा. त्यात "आजचं आणि यापुढचं सर्व येणं" अशा अर्थाचं कलम असेल, तर नवी सही न करताही ४० लाखांचा भार तुमच्यावर येऊ शकतो. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे चालू राहणारी हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. अटी वाचून वकिलाकडून ती नोटीस मंजुरीच्या आधी बँकेत पोचवा. झालेल्या कर्जातून मात्र बँकेच्या संमतीशिवाय सुटका नाही. त्यासाठी साडूंनी पर्यायी तारण द्यायला हवं : कंपनीची जागा, त्यांचं स्वतःचं घर, दुसऱ्या संचालकाची हमी. निदान साडूंच्या नावाने १ कोटी ४० लाखांचा मुदतीचा विमा काढून तो बँकेच्या नावे करायला लावा. उद्या त्यांना काही झालं तर मागे उरणारे जामीनदार तुम्ही आहात.

हे साडूंना सांगणं जड जाणार आहे, मला कळतं. दोन बहिणींचं घर आहे. पण तुमच्या हातात आज जे सांगणं आहे, ते ताबा नोटीस आल्यावर उरणार नाही.

दुसरं, ती पॉलिसी या आठवड्यात परत करा. तुम्ही कळवलेल्या तक्त्यानुसार दहा वर्षं लाख-लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षी १६ लाख मिळायचे. हा परतावा वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. बँकेची साधी ठेव याहून जास्त देते. विमा संरक्षण दहा लाखांचं, आणि तुमच्या डोक्यावरचा बोजा १ कोटी ४० लाखांचा! कर्जासाठी पॉलिसी घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही. ज्या साहेबांनी जामीनदाराच्या असहायतेवर स्वतःचं टार्गेट पूर्ण केलं, त्यांना तुम्ही काहीही देणं लागत नाही. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. तुमचे तीन आठवडे गेले आहेत. विमा कंपनीला ईमेल करा आणि शाखेत अर्ज देऊन पोच घ्या.

उरल्या ठेवी. पतसंस्थेतल्या पाच लाखांना ठेव विम्याचं संरक्षण नाही. ते बँकांपुरतं आहे, प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत. पतसंस्थांत ठेवी अडकलेली माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, तेव्हा मुदत संपली की ती रक्कम दुसऱ्या बँकेत हलवा. चार एकर केळीचा पुढचा खर्च ६ लाख आणि वर्षाचा घरखर्च सुमारे ५ लाख बाजूला ठेवला की १४ मधले उरतात तीन. म्हणजे द्यायला दहा लाख मोकळे कधी नव्हतेच. हे तीन लाखही हमीचा प्रश्न सुटेपर्यंत ठेवीतच राहू द्या. त्यानंतर सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल तर साध्या निर्देशांक फंडात (बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या) थोडे थोडे घाला. बायोटेक, फार्मा अशा नावांचे विषयनिष्ठ फंड नकोत, आणि एकेका कंपनीचे शेअर तर नकोतच.

मुलीने प्रयोगशाळेत काम शिकायला काहीच हरकत नाही, उलट चांगलं आहे. फक्त पहिली नोकरी दुसरीकडे शोधू द्या.

हमीपत्राची प्रत, मंजुरीपत्र आणि कंपनीचे दोन वर्षांचे ताळेबंद मिळाले की मला पाठवा. गेल्या वर्षी कमी पडलेले सात लाख कुठून आले, हे साडूंना विचारून त्याच पाकिटात लिहून पाठवा.