पुरात घर सोडावं लागलं तर लागणारं सामान आधीच दुसरीकडे ठेवावं का? (सांगली, नदीकाठ)

हो, ठेवाच. पण कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. म्हणजे माळ्यावर टाकलेली पिशवी कामाची नाही. त्याच पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला होता, म्हणून नदी किंवा ओढा ओलांडून जावं लागेल असं ठिकाणही नको. उंचावरच्या भागातली मावशी, आत्या, जुना मित्र, कुणीही चालेल, फक्त वाट कोरडी हवी.

झाकणाची एक पत्र्याची पेटी पुरे. प्लास्टिकची नको, उंदीर कुरतडतात. आत प्रत्येकी दोन जोड कपडे, चादर, टॉर्च (सेल काढून वेगळे ठेवा, नाहीतर आतच फुटतात), थोडी रोकड, सातबारा-रेशनकार्डाच्या झेरॉक्स, चष्म्याची जुनी जोडी. भडंग, फरसाण ठेवू नका, महिन्यात खवट होतात. साखर, चहा, बिस्किटं ठीक. रोजच्या गोळ्या पेटीत विसरल्या जातात आणि मुदत संपते, इन्सुलिन साठवायला तर फ्रीजच लागतो. ही औषधं निघताना सोबत घ्यायच्या पिशवीत हवीत.

मे अखेरीस पेटी उघडून बघायची. जनावरं असतील तर मात्र पेटीच्या आधी दावणीचा आणि कडब्याचा विचार करा, कारण म्हैस मागे ठेवून माणूस निघत नाही आणि तिथेच उशीर होतो.