वाचकांचे प्रश्न : प्राण्यांचा निवारा ‘आज जागा नाही’ असे का सांगतो?

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्था आणि त्यांचे निवारे यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिला प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत आणि बहुधा रागाने विचारला आहे, म्हणून त्याच्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : रस्त्याच्या कडेला सापडलेली कुत्र्याची चार पिल्ले आम्ही एका निवाऱ्यात नेली. ‘आज घेता येणार नाहीत, काही दिवस घरी सांभाळा’ असे उत्तर मिळाले. आत तर काही पिंजरे रिकामे दिसत होते. पिल्लांना परत पाठवणारी संस्था स्वतःला प्राणिमित्र कशी म्हणवते?

तुमचा राग रास्त आहे. बेवारस जीव उचलून दारापर्यंत आणणाऱ्या माणसाने आपला वाटा पूर्ण केलेला असतो. पुढचा वाटा संस्थेने उचलावा, ही त्याची अपेक्षा गैर नाही. मात्र पिंजरा रिकामा दिसला म्हणजे जागा आहे असे होत नाही. ही गोष्ट दारात आलेल्या माणसाला नीट समजावून सांगितली जात नाही, आणि हा दोष संस्थांचाच आहे.

निवाऱ्याची क्षमता पिंजरे मोजून ठरत नाही, ती माणसांच्या हातांवर आणि त्यांच्याकडे असलेल्या वेळेवर ठरते. केवळ साफसफाई आणि खाणेपिणे यांसाठी एका प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटे धरावीत, असा हिशेब या क्षेत्रात बरीच वर्षे रूढ आहे. ६० प्राणी असतील तर ९०० मिनिटे, म्हणजे १५ तास झाले. आणि त्यांत औषधपाणी, मलमपट्टी, कुत्र्यांना मोकळे फिरवणे, दत्तक घेण्यासाठी आलेल्या कुटुंबांशी बोलणे यांतले काहीच धरलेले नाही. हे तास पुरले नाहीत की काम थांबत नाही, ते घाईचे होते. मग एकच बादली आणि एकच फडके घेऊन सगळे पिंजरे पुसले जातात, एखाद्या मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलेले नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि आजार एका कोपऱ्यातून सगळीकडे पसरतो.

दुसरा हिशेब मुक्कामाचा आहे. रोज सरासरी ३ प्राणी येत असतील आणि प्रत्येक प्राणी सरासरी २० दिवस राहत असेल, तर निवाऱ्यात कोणत्याही दिवशी सुमारे ६० प्राणी असतात. येणाऱ्यांची संख्या तीच राहिली, पण मुक्काम ४० दिवसांवर गेला, तर तेच निवारागृह १२० प्राण्यांनी भरते. मुक्काम वाढण्याची कारणे अनेकदा अगदी साधी असतात: शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली नसते, दत्तक यादीसाठी छायाचित्र काढायचे राहून गेलेले असते, किंवा एखाद्या कुत्र्याबाबतचा निर्णय घेण्याचे सगळेच टाळत असतात. चांगल्या निवाऱ्यात रोज सकाळी कोणीतरी जाणता माणूस प्रत्येक पिंजऱ्यासमोर थांबून हा प्राणी नेमका कशासाठी खोळंबला आहे, हे विचारतो. माझ्या मते संस्थेच्या दर्जाची याहून चांगली खूण नाही.

तुमच्या बाबतीत तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण होते ते पिल्लांच्या वयाचे. पार्व्होचा विषाणू १९७० च्या दशकाच्या अखेरीस जगभरच्या कुत्र्यांमध्ये पसरला आणि आजही लहान पिल्लांचा तो मोठा शत्रू आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे ३ ते ७ दिवस जातात, क्वचित १४ दिवसही लागतात. आणि उलट्या-जुलाब सुरू होण्याआधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो. तो जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. ब्लीचच्या पातळ द्रावणाने तो मरतो, परंतु त्याआधी घाण पूर्णपणे धुऊन काढावी लागते, कारण विष्ठेचा अंश राहिला तर ब्लीचचा जोर तेथेच संपतो. त्यामुळे एका पिल्लाला पार्व्हो झाल्यावर त्याच्या शेजारचे पिंजरे काही काळ मुद्दाम रिकामे ठेवले जातात. तुम्हाला दिसलेले पिंजरे तसे असण्याची शक्यता बरीच आहे. अशा वेळी नव्या पिल्लांना आत घेणे म्हणजे त्यांना थेट संसर्गात सोडणे होय.

तेव्हा ‘काही दिवस घरी सांभाळा’ हा सल्ला अनेकदा पिल्लांच्याच हिताचा असतो. मात्र तो नुसता तोंडी देऊन माणसाला दारातून परत पाठवणे चुकीचे आहे. पिल्लांना पहिली लस आणि जंतांचे औषध त्याच दिवशी द्यावे, खाणे आणि अंथरूण सोबत द्यावे, पुढची तारीख लिहून द्यावी आणि अडचण आल्यास कोणाला विचारायचे ते सांगावे, एवढे तरी संस्थेकडून झालेच पाहिजे. तुमच्या घरी आधीपासून कुत्रा असेल, तर ही पिल्ले वेगळ्या खोलीत ठेवावीत आणि त्यांची भांडीही वेगळी असावीत. जखमी, झटके येत असलेला किंवा श्वास घेताना धडपडणारा प्राणी मात्र या नियमाला अपवाद आहे. त्याच्यावर लगेच उपचार व्हायला हवेत, किंवा जिथे उपचार होतील तिथे त्याला पोहोचवण्याची व्यवस्था तरी संस्थेने केली पाहिजे.

प्रश्न : जिन्याखाली मांजरीची अगदी लहान पिल्ले दिसली आहेत आणि आई जवळ नाही. ती उचलून निवाऱ्यात न्यावीत का?

लगेच उचलू नयेत. मांजरी अन्नाच्या शोधात काही तास दूर राहते आणि माणूस जवळ उभा असेपर्यंत परत येत नाही. पिल्ले शांत झोपलेली असतील, अंगाला ऊब असेल आणि पोट गोल दिसत असेल, तर आई त्यांना पाजते आहे असे समजावे. दूर जाऊन लक्ष ठेवावे. निवाऱ्यात येणाऱ्या बिनआईच्या पिल्लांपैकी काहींची आई त्याच वेळी त्यांना शोधत फिरत असते, ही या कामातली फार दुःखद गोष्ट आहे, कारण आईइतके चांगले संगोपन कोणत्याही निवाऱ्याला जमत नाही.

पिल्ले गार पडली असतील, सतत ओरडत असतील, किंवा आई मेल्याचे दिसले असेल, तर मात्र हात घालावा. अशा वेळी आधी ऊब द्यावी आणि मग दूध पाजावे. हा क्रम उलटला तर जीव जातो, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईचे दूध देऊ नये, मांजरीच्या पिल्लांसाठीचे तयार दूध मिळते ते वापरावे. पिल्लू पोटावर टेकलेल्या स्थितीतच पाजावे, उताणे धरल्यास दूध फुप्फुसांत जाऊ शकते. पहिले काही आठवडे त्यांना लघवी आणि शी आपोआप होत नाही, म्हणून प्रत्येक वेळी पाजल्यानंतर ओल्या कापसाने हलकेच पुसून ती करवावी लागते.

प्रश्न : संस्था भटकी कुत्री पकडून नेते, शस्त्रक्रिया करते आणि पुन्हा त्याच जागी सोडते. सोडायचेच असेल तर नेण्याचा उपयोग काय?

एखाद्या भागात किती कुत्री राहू शकतील हे तिथे मिळणाऱ्या अन्नावर आणि आसऱ्यावर ठरते. तिथली कुत्री हटवली तरी उघडा कचरा तसाच राहतो. मग आजूबाजूची कुत्री ती जागा घेतात, आणि ती निर्बीजीकरण न झालेली असल्यामुळे त्यांची संख्या पुन्हा वाढू लागते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते, त्यामुळे ही भरपाई झपाट्याने होते. उलट, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री आपल्या जागी राहिली, तर जागा भरलेलीच राहते आणि त्यांच्यात पिल्ले जन्मत नाहीत.

रेबीजचा विचार केला तर हा मुद्दा अधिक गंभीर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरतात आणि माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंतच्या घटनांमध्ये तो कुत्र्यांपासून येतो. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली आणि ते प्रमाण टिकवले, तर संसर्गाची साखळी तुटते. लस दिलेले कुत्रे हटवले की ती संरक्षक भिंत आपण स्वतःच पाडतो. म्हणूनच ज्याच्या कानाला खूण केलेली आहे, म्हणजे ज्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ते कुत्रे हुसकावून लावू नये.

तुमच्या शंकेत एक तथ्य जरूर आहे. एका ठिकाणी दहा, दुसऱ्या ठिकाणी पाच अशी विखुरलेली शस्त्रक्रिया केल्याने संख्या कमी होत नाही. एक भाग निवडून तिथली बहुतेक कुत्री, विशेषतः माद्या, कमी काळात पूर्ण कराव्या लागतात आणि नंतर येणाऱ्या नव्या कुत्र्यांकडेही लक्ष द्यावे लागते. आपल्या भागात किती काम झाले आणि किती राहिले, हे संस्थेला विचारण्याचा अधिकार रहिवाशांना आहे. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

प्रश्न : निवाऱ्यातून आणलेली कुत्री आठवडा झाला तरी कोपऱ्यातच बसून असते आणि हात पुढे केला की आक्रसते. आमची निवड चुकली का?

नाही. पहिल्या आठवड्यात दिसते ती तिची भीती असते, स्वभाव नव्हे. सर्वसाधारण अनुभव असा की पहिले तीन दिवस प्राणी गांगरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम त्याच्या अंगवळणी पडतो आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात. भेदरट प्राण्याला याहूनही अधिक. याच्या उलटही घडते. निवाऱ्यात अन्नाच्या भांड्याजवळ गुरगुरणारी अनेक कुत्री घरी गेल्यावर तसे वागत नाहीत, म्हणूनच जाणत्या संस्था केवळ पिंजऱ्यातल्या वागण्यावरून कोणाच्या माथी शिक्का मारत नाहीत.

तिच्याकडे टक लावून पाहू नका, तिच्यावर वाकू नका, कोपऱ्यातून ओढून बाहेर काढू नका. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा. पाहुण्यांना काही दिवस थांबवा. तिने स्वतः एक पाऊल पुढे टाकले तर शांतपणे खाऊ जमिनीवर ठेवा, हातातूनच घेतला पाहिजे असा आग्रह नको. मांजर आणलेल्यांनीही लपायला एक खोके अवश्य ठेवावे. लपायला जागा मिळालेली मांजरे नव्या ठिकाणी पहिल्या दिवसांत लवकर सावरतात, हे नेदरलँड्समधील निवाऱ्यात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसून आले आहे. तिने खाणेपिणे पूर्ण सोडले असेल, तर मात्र वाट न पाहता पशुवैद्याला दाखवा.

प्रश्न : प्राणी वाचवण्यासाठी स्थापन झालेली संस्था दयामरण कसे देऊ शकते?

असह्य वेदना आहेत, त्या कोणत्याही उपचाराने कमी होणार नाहीत आणि पुढे फक्त यातनाच उरल्या आहेत, अशा प्राण्याला वेदनारहित मृत्यू देणे हा त्याच्या सेवेचाच भाग आहे, असे मी पूर्ण विचारांती मानतो. हा निर्णय पशुवैद्याने घ्यावा, त्याची कारणे लिहून ठेवावीत आणि ती लपवू नयेत.

मात्र ‘आम्ही कोणालाच मरू देत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणीही डोळे उघडे ठेवून जावे. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये पाळीव पशुधनासाठी पाच मूलभूत स्वातंत्र्ये मांडली गेली : भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-आजारापासून आणि भीती-तणावापासून मुक्तता, आणि आपल्या जातीप्रमाणे वागण्याची मोकळीक. निवाऱ्यातल्या प्राण्यालाही हाच निकष लावला पाहिजे. जे कुत्रे वर्षानुवर्षे अरुंद पिंजऱ्यात गोल गोल फिरत आहे आणि स्वतःची शेपटी चावून रक्तबंबाळ करत आहे, ते जिवंत आहे एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. निवारा हा मुळातच तात्पुरता मुक्काम म्हणून कल्पिला गेला. मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये लंडनला हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी सुरू केलेले आणि पुढे बॅटरसी येथे गेलेले घरही तसेच होते. प्राण्याला तिथून पुढे घर मिळावे यासाठी रोज झटणारी माणसे असतील, तर दयामरणाचा प्रश्न खऱ्या असाध्य दुखण्यांपुरताच उरतो.

प्रश्न : मदत करण्याची इच्छा आहे. जुनी पांघरुणे द्यावीत, पैसे द्यावेत की वेळ?

आधी विचारून घ्या. पांघरुणे सगळेच देतात; जंतुनाशक, लस आणि शस्त्रक्रियेचे साहित्य क्वचितच कोणी देते, आणि पशुवैद्याचे व कर्मचाऱ्यांचे वेतन देण्यासाठी तर देणगीदार मिळतच नाहीत. जमल्यास दरमहा ठरावीक छोटी रक्कम द्या, कारण तिच्या भरवशावर संस्थेला पुढची शिबिरे ठरवता येतात. देण्यापूर्वी गेल्या वर्षी किती प्राणी आले, किती दत्तक गेले, किती मूळ जागी सोडले आणि किती दगावले, हे चार आकडे मागा. दगावलेल्यांचा आकडा न कचरता सांगणाऱ्या संस्थेवर मी अधिक विश्वास ठेवीन. वेळ देणार असाल तर आठवड्यातला एक ठरलेला दिवस द्या आणि पहिले काही महिने साफसफाई व कपडे धुण्याची तयारी ठेवा. घरात एखादी खोली मोकळी असेल, तर आजारातून उठलेल्या प्राण्याला किंवा लहान पिल्लांना काही आठवडे तिथे सांभाळण्यासाठी नाव नोंदवा. अशी घरे मिळाली तर पहिल्या प्रश्नातल्या चार पिल्लांसारख्यांना दारातून परत पाठवण्याची वेळ निवाऱ्यांवर कमी येईल.