दहा रुपयांचा अर्ज की चाळीस हजारांचा एजंट?

प्रश्न: मी 2021 ला मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने) बीपीमुळे 30 टक्के अपंगत्व धरलं, पण 'सेवेशी संबंध नाही' म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. एक एजंट फाइल काढून केस करतो म्हणतो. 40 हजार आगाऊ आणि एरियर्सचा, म्हणजे मागच्या थकबाकीचा, चौथा हिस्सा मागतोय. एफडी मोडू का?

हवालदारसाहेब, एफडीला हात लावू नका.

भांडण मात्र सोडण्यासारखं नाही. मिलिटरी सर्व्हिस पे (फौजींना मूळ पगारावर मिळणारी रक्कम) धरून तुमचा शेवटचा पगार समजा 45,000 होता. 100 टक्के अपंगत्वाला त्याच्या 30 टक्के, म्हणजे 13,500 मिळतात. तुमचे 30 टक्के ब्रॉड-बँडिंगने (कमी टक्के वरच्या टप्प्यात धरायच्या नियमाने) 50 धरले, तर महिन्याला 6,750, वर महागाई भत्ता. चार वर्षांचे एरियर्स झाले 3,24,000. त्यातले 81,000 एजंटचे! वकिलालासुद्धा वसुलीत असा वाटा ठरवता येत नाही, आणि पुढे मिळायची पेन्शन आधीच कुणाच्या नावे लिहून दिली तर 1871 च्या पेन्शन कायद्याने तो करारच रद्द ठरतो.

फाइल तुमची तुम्हीच काढा. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याला आरटीआय टाका. फी दहा रुपये, प्रतींना पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. 'माझी सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. भरतीच्या वेळचा मेडिकल, बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, क्लेम नाकारल्याचं पत्र आणि पोस्टिंगचा तपशील, अशी नावं घेऊन मागा. आर्मी नंबर विसरू नका.

कागद आले की आधी भरतीचा मेडिकल बघा. त्यात बीपीची नोंद नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 ला हेच सांगितलं: भरती होताना आजाराची नोंद नव्हती, तर जवान तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, संबंध नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. मग बोर्डाचं कारण वाचा. 'पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या, शांत भागातल्या पोस्टिंगला) सुरू झालं' एवढीच ओळ असेल, तर ते कारण लंगडं आहे, वकिलाला ती पहिली दाखवा.

फाइल घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अपिलाची मुदत उलटली असेल तर विलंबमाफीचं विचारा. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या (फौजींच्या सेवा-पेन्शनच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठात जायची वेळ आली तर वकिलाची ठरावीक फी लेखी घ्या. तेव्हा त्यासाठी एफडीतून थोडे काढले तरी माझी हरकत नाही. आणि स्पर्शचा, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा, ओटीपी कुणालाही सांगू नका.