हात कुठं धरायचा आणि कधी काढायचा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी डबे भरतानाही तोच डोक्यात होता. बाळ ३२ व्या आठवड्यात झालं, २१ दिवस काचेच्या पेटीत राहिलं, आता २० महिन्यांचं आहे. १५ व्या महिन्यात बसायला लागलं, पण उभं केलं की चवड्यांवर येतं आणि पायांची कात्री होते. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळं हालचालीवर होणारा परिणाम. दोन महिने झाले, आठवड्यातून दोनदा तासगावहून सांगलीला फिजिओथेरपीला आणताय, बाळ तिथं रडतं, सासूबाई म्हणतात मालीश पुरे आहे, काही मुलं उशिराच चालतात. आणि तुम्ही विचारलंय, ह्यानं खरंच चालेल का, आणि किती दिवसांत.

माझी लेक आता १२ वर्षांची आहे. तिचाही जन्म वेळेआधीचा, तिच्याही दोन्ही पायांत ताठरपणा. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, पण अकरा वर्षं हेच करतेय, म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी दिवसांचं. तारीख कुणालाच देता येत नाही. पण तुम्हीच लिहिलेली एक चांगली गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बाळ १५ व्या महिन्यात आधाराशिवाय बसलं. सेरेब्रल पाल्सीची जी मुलं दोन वर्षांच्या आत आपली आपण बसतात, त्यांतली बरीचशी पुढं चालतात. कुणी हात सोडून, कुणी वॉकर धरून. आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हे मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोरच रडले होते. दुसरं, ८ आठवडे आधी जन्मलंय, तेव्हा वयातून दोन महिने वजा करून बघायचं. म्हणजे ते १८ महिन्यांचं धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात मुलं साधारण ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान एकटी चालायला लागतात. म्हणून सासूबाईंचं म्हणणं अगदीच वेडं नाही, पण कात्री आणि चवडे हे निव्वळ उशिरा चालण्याचं लक्षण नाही. त्यासाठी वाट बघत बसू नका. थेरपी सुरू केलीत हे फार बरं केलंत.

फाईलवर कधीतरी ‘जीएमएफसीएस’ असं लिहिलेलं दिसेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनी १९९७ मध्ये या मुलांच्या हालचालीच्या पाच पातळ्या ठरवल्या, त्याचं हे नाव. पहिल्या पातळीचं मूल कुणाला न धरता चालतं, जिने चढतं. तिसऱ्या पातळीचं काठी किंवा वॉकर घेऊन चालतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान सावरायलाही मदत लागते. माझी लेक दुसऱ्या पातळीवर आहे. दोन वर्षांच्या आत सांगितलेली पातळी पुढं बदलू शकते, तेव्हा आत्ता कुणी आकडा सांगितला तर तो मनाला लावून घेऊ नका. तिथल्याच संशोधकांनी नंतर ६५७ मुलांची हालचाल काही वर्षं मोजली आणि २००२ मध्ये ते छापून आलं. बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं यांतली आपापल्या आवाक्यातली जवळजवळ ९० टक्के मजल मुलं पाच वर्षांची होईपर्यंत मारतात, ज्यांचा त्रास जास्त ती त्याच्याही आधी. म्हणून हीच वर्षं महत्त्वाची. पण कपडे घालणं, वेणी, दप्तर, बाथरूमला एकटं जाणं हे सगळं त्यानंतरही शिकता येतं. आमचं तर बरंचसं पाचव्या वर्षानंतरच झालं.

आता मालीश. हलक्या हातानं तेल लावायला काही हरकत नाही, बाळाला आवडत असेल तर जरूर लावा. पण मूळ बिघाड पायात नाही, मेंदूकडून पायाच्या स्नायूंना जाणाऱ्या निरोपात आहे. तेलानं निरोप बदलत नाही. मूल स्वतः एखादी हालचाल करून बघतं, चुकतं, परत करतं, शंभरदा करतं, तेव्हा मेंदू ती शिकतो. आपण त्याचे पाय वरखाली केले तर सांधे मोकळे राहतात, तेही लागतंच, पण शिकणं त्यातून होत नाही. मालीशवाल्या बाई पाय ओढून कपाळाला लावतात, पिरगळतात, ते मात्र आजपासून बंद करा.

मला हे कळायला तीन वर्षं गेली. लेक तेव्हा तीन वर्षांची होती आणि आमचं चाललं होतं पाटावरून उठणं. छोटा उंच पाट, समोर दिवाण, दिवाणावर वाटीत भडंगातले निवडून काढलेले चुरमुरे, एका वेळी एकच. ती हात पुढं करायची, मी कमरेत धरून उचलायची, ती चुरमुरा घ्यायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. महिनाभर रोज वीस वेळा. मॅडमनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, ‘आई, उठताय तुम्ही, ती नाही.’ मग त्यांनी माझा हात तिच्या कमरेवरून काढून गुडघ्यावर ठेवला. गुडघ्यावरून खाली हलका दाब, म्हणजे टाच जमिनीला टेकून राहते. आणि म्हणाल्या, तिला वर ओढू नका, पुढं वाकू द्या. नाक पायाच्या बोटांच्या पुढं गेलं की ढुंगण आपोआप उचललं जातं. तुम्ही स्वतः खुर्चीतून उठून बघा, पाठ ताठ ठेवून उठताच येत नाही. म्हणून मग वाटी लांब सरकवली. आठ दिवसांनी गुडघ्यावर पूर्ण हाताऐवजी दोन बोटं. ती डगमगायची, मागं धपकन बसायची, माझा हात आपसूक पुढं जायचा.

एका संध्याकाळी मी परातीत कणीक मळत होते आणि ती समोर पाटावर होती. तिनं वाटीकडं बघितलं, वाकली, आणि माझे दोन्ही हात कणकेनं भरलेले म्हणून मी धरायला गेले नाही. ती उठली. गुडघे वाकलेले, एक टाच उचललेली, पण उठली आणि दिवाणाला धरून उभी राहिली. मॅडम महिनाभर काय सांगत होत्या ते मला त्या कणकेनं शिकवलं. त्यानंतर प्रत्येक नवीन गोष्टीला मी एकच विचारत आले, हात कुठं ठेवू आणि कधी काढू. तुम्हीही हेच विचारा. घरी करायचे व्यायाम सगळे सांगतात, हात काढायचा कधी हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

रडण्याबद्दल. नवीन जागा, अनोळखी हात, कष्ट, यामुळं मुलं रडतात आणि काही आठवड्यांत रुळतात. पण दुखून रडणं वेगळं असतं आणि आईला ते कळतं. मॅडमकडं येण्याआधी आम्ही एका ठिकाणी जात होतो, नाव घेत नाही. तीन महिन्यांत चालवून दाखवतो म्हणाले, पैसे आगाऊ घेतले, दार बंद करून आत पाय ताणायचे, आईनं बाहेर बसायचं. लेक त्या रस्त्याला रिक्षा वळली की थरथरायला लागायची. मी तरीही सहा आठवडे नेलं, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. आईला आत बसू देत नाहीत, घरी काय करायचं शिकवत नाहीत, तिथं थांबू नका. चांगला थेरपिस्ट ४५ मिनिटांतली निम्मी तुम्हाला शिकवण्यात घालवतो, कारण बाकीचा दिवस मूल तुमच्याकडं असतं.

त्या बाकीच्या दिवसात वेगळा तास काढायची गरज नाही. चड्डी घालताना मांडीवर आडवं घेण्याऐवजी भिंतीशी धरून उभं करा आणि एक पाय त्याला उचलू द्या. खेळणी जमिनीवर ठेवता ती दिवाणावर ठेवा. पाय मागं दुमडून दोन्ही बाजूंना टाकून बसत असेल तर आठवण करून लांब पाय किंवा छोट्या पाटावर बसवा. आणि चाकाचा गोल पांगुळगाडा, ज्यात बाळाला मधे बसवतात, तो कुणी भेट दिला तरी वापरू नका. त्यात मुलं चवड्यांनीच ढकलतात, आपल्याला नको तेच पक्कं होतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे.

स्प्लिंटची, म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधायच्या कडक साच्याची वेळ तुमच्यावर येईल असं वाटतं. घाबरू नका. मुलाचं हाड भराभर वाढतं, ताठर स्नायू तेवढा वाढत नाही, म्हणून पोटरी आखडते आणि टाच वर येते. स्प्लिंट टाच खाली धरतो. आत सुती मोजा, बूट एक नंबर मोठा. काढल्यावर लाल वळ दिसले तर घड्याळ लावा. अर्ध्या तासात गेले नाहीत तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडं परत जा, स्वतः कापूस कोंबू नका. आणि खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा हे डॉक्टरांना आठवणीनं विचारा. कात्री होणाऱ्या पायांत खुबा हळूहळू जागचा सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून कळत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीतल्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. वॉकर गेला, स्प्लिंट गेले. महिनाभर विट्याला नणंदेकडं होतो, थेरपी बंद. मला वाटलं सगळं केलेलं पाण्यात गेलं. पण नणंदेच्या घराला पाच पायऱ्या होत्या आणि लेकीला मांजर बघायला दिवसातून पन्नास वेळा खाली जायचं असायचं. कठडा धरून, आधी बसून सरकत, मग उभ्यानं. पोटऱ्या आखडल्या, नंतर प्लास्टर घालून ताणून घ्याव्या लागल्या. पण पायऱ्या ती तिथं शिकली.

सासूबाईंना वगळू नका. माझ्या सासूबाईही आधी विरोधात होत्या. मग मी त्यांना एकदा बरोबर नेलं आणि मॅडमनी त्यांनाच काम दिलं, नातीला टेबलाशी गुडघ्याला पट्टे बांधून अर्धा तास उभं ठेवायचं. रोज गोष्ट सांगत त्यांनी ते दोन वर्षं केलं. माझ्याच्यानं ते झालं नसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रासाठी (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी घ्या. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज लवकर करा, एसटीची सवलत, शाळा, सगळ्याला ते लागतं. ते झालं की निरामय आरोग्य विमा काढा, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना वर्षाला १ लाखापर्यंतचा आहे आणि त्यात थेरपीही येते.

लेक आज काय करते ते सांगते. घरात आणि वर्गात काही न धरता चालते, जरा वाकून. बाजारात माझा दंड धरते. लांब जायचं असेल तर व्हीलचेअर, आणि त्यात मला आता काही कमीपणा वाटत नाही, कारण व्हीलचेअर नसती तर गणपती मंदिरापाशी गर्दीत तिला कडेवरच घ्यावं लागलं असतं. सातव्या वर्षी स्प्लिंटचे पट्टे स्वतः लावायला शिकली. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली. मी अर्धा तास आधी उठायला लागले, म्हणजे रिक्षा येईपर्यंत तिला घाई करावी लागायची नाही. आता चार मिनिटं लागतात आणि मी स्वयंपाकघरातून बाहेरही येत नाही.

कुपवाडच्या सुताराकडून तिच्यासाठी एक छोटी कोपऱ्याची खुर्ची करून घेतली होती, पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार, मधे पाय वेगळे राहायला ठोकळा. पुरात माळ्यावर होती म्हणून वाचली. तुमच्या बाळाच्या मापाची असेल असं वाटतं. पुढच्या वेळी सांगलीला याल तेव्हा घेऊन जा, फक्त तुमच्या थेरपिस्टना आधी बसवून बघू द्या, ठोकळा कमीजास्त करावा लागेल. गुडघ्याचे पट्टेही त्याच पिशवीत आहेत, धुऊन ठेवलेत.