हुसैनीवाला सीमेवरून पूर्वी खरंच पाकिस्तानात जाता यायचं का? मग ती वाट बंद का झाली?

हो, यायचं. वाघा सीमेचा बोलबाला व्हायच्या आधी रस्त्याने पलीकडे जायची मुख्य वाट हीच होती. पंजाबात फिरोजपूरपासून दहा-अकरा किलोमीटरवर सतलजकाठी हुसैनीवाला, समोर कसूर जिल्ह्यातलं गंडासिंगवाला. कंदहारी मनुका आणि फळं भरून तिकडून ट्रक यायचे.

मी मूळचा खेडचा, म्हणजे आताच्या राजगुरुनगरचा, नोकरीमुळे पुण्यात. त्यामुळे सीमा वगैरे कळायच्या आधीपासून हे नाव घरात ऐकलेलं. २३ मार्च १९३१ ला लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि आमच्या गावच्या शिवराम हरी राजगुरूंना फाशी दिली, आणि लोक खवळतील या धास्तीने इंग्रजांनी तिघांचे देह रातोरात इथे नदीकाठी आणून गुपचूप जाळले. फाळणीत ही जागा तिकडे गेली. १९६१ मध्ये सुलेमानकी हेडवर्क्सजवळची (सतलजवरच्या बंधाऱ्याजवळची) १२ गावं पाकिस्तानला देऊन भारताने हा तुकडा घेतला.

वाटेवर घाला पडला तो १९७१ च्या डिसेंबरात. पाकिस्तानी फौज इथे घुसली. ती फिरोजपुरात उतरू नये म्हणून आपल्याच सैन्याने सतलजवरचा पूल उडवला. तिघांच्या इथल्या स्मारकातले पुतळेही तेव्हा पलीकडे गेले. १९७३ मध्ये स्मारक नव्याने उभं राहिलं. वाट मात्र उठली ती उठलीच, सगळी ये-जा अटारी-वाघ्याकडे गेली.

मी कल्याणहून पंजाब मेल पकडून गेलो होतो. फाळणीआधी ही गाडी पेशावरपर्यंत जायची, आता फिरोजपूरलाच संपते. हुसैनीवाल्यापर्यंत रूळ आहेत अजून, पण गंजलेले, मधून गवत वाढलेलं, आणि एका जागी सरळ थांबतात. पुढे लाहोर! खास गाडी सोडतात ती २३ मार्चला आणि बैसाखीला.

संध्याकाळी झेंडे उतरवायचा सोहळा असतो. अटारीसारखी जत्रा नाही, पलीकडच्या माणसांचे चेहरे नीट दिसतात. एक पाकिस्तानी आजोबा आपल्या नातवाला खांद्यावर घेऊन आमच्याकडे बोट दाखवत होते, काय सांगत होते कोण जाणे.

जाणार असाल तर रिक्षावाल्याशी परतीचंही आधीच ठरवा. मी पुणेरी हिशेबाने एकेरीच भाडं ठरवलं आणि अंधारात निम्मा रस्ता पायी तुडवला.