ख्रिस्ती लोक तीन देव मानतात का? पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे नेमकं काय?

नाही, ख्रिस्ती माणूस एकच देव मानतो. पिता, पुत्र (म्हणजे येशू ख्रिस्त) आणि पवित्र आत्मा या त्या एकाच देवातल्या तीन व्यक्ती, अशी श्रद्धा आहे. आम्ही रविवारच्या मिस्सामध्ये (चर्चमधल्या सामूहिक उपासनेत) उभं राहून श्रद्धेची जी कबुली म्हणतो, तिची सुरुवातच ‘एकाच परमेश्वरा’पासून होते. तिचा गाभा इ.स. 325 मध्ये निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या धर्मपरिषदेचा. पुत्र हा देवाने निर्माण केलेला, म्हणजे पित्याहून कमी, असं आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता. परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व, म्हणजे पित्यासारखाच पूर्ण देव आहे असं ठरवलं. पवित्र आत्म्याविषयीचा सविस्तर भाग 381 मध्ये आला. त्याच कबुलीत येशूचा कुमारी मरियेपासून जन्म, रोमन अधिकारी पोंती पिलाताच्या काळात क्रूसावर मरण आणि तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान हेही येतं. माझ्या मते पुनरुत्थान सगळ्यात महत्त्वाचं: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं संत पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात स्पष्टच लिहितो. मात्र एक लक्षात घ्या, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट हे त्रैक्य, म्हणजे एका देवातल्या तीन व्यक्ती, मानतात. यहोवाचे साक्षीदार हा पंथ मात्र मानत नाही.