लिबरेशन थिऑलॉजी म्हणजे पाद्र्याचा झगा घातलेला मार्क्सवादच नव्हे काय?

धर्माने राजकारणात येऊ नये असे मानणाऱ्यांनी गरिबांना अन्यायातून मुक्त करणे हे धर्माचेच काम मानणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतील या ख्रिस्ती विचाराचे कौतुक का करावे, असेही आपण विचारले आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि बरीच वर्षे माझेही मत आपल्यासारखेच होते. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची प्रवचने वाचताना ते बदलले.

रोमेरो या विचाराचे पंडित नव्हेत. ते जुन्या वळणाचे धर्मगुरू होते. 1977 साली त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्यांची वाणी बदलली. रविवारी बायबलमधील उताऱ्याचे विवेचन झाले की त्या आठवड्यात कोण मारले गेले, कोणाला उचलून नेले, हे ते नावानिशी वाचून दाखवीत आणि चर्चच्या रेडिओवरून ते घरोघरी ऐकले जाई. 23 मार्च 1980 रोजी त्यांनी सैनिकांना सांगितले, की तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारीत आहात आणि ईश्वराच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळण्यास कोणीही बांधील नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, रुग्णालयाच्या लहानशा चॅपेलमध्ये मिस्सा (कॅथलिक उपासना) अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. याला राजकारण म्हणायचे तर जरूर म्हणावे, पण हा माणूस कोणासाठी मते मागत नव्हता.

मार्क्सवादाचे ऋण मात्र नाकारता येत नाही. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या 1971 च्या ग्रंथात गरिबी ही ईश्वरेच्छा नसून माणसांनी रचलेल्या व्यवस्थेचे फळ आहे, अशी मांडणी आहे आणि ती करताना त्या काळच्या डाव्या विश्लेषणाचा आधार घेतलेला आहे. 1984 साली कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या, धर्मसिद्धान्तांवर देखरेख ठेवणाऱ्या व्हॅटिकनमधील खात्याने यावरच बोट ठेवले, आणि ती टीका अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. परंतु चर्च त्याआधी राजकारणाबाहेर होते कुठे? विजेत्यांना आणि जमीनदारांना आशीर्वाद देण्यात शतके गेली, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. धर्मगुरू मजुरांच्या बाजूला जाऊन बसले आणि मग दूरच्या वॉशिंग्टनमधील सल्लागारांनाही 1980 साली या विचाराला तोंड द्यावे असे लिहावेसे वाटले.

माझा खरा मतभेद आहे तो निकाराग्वाचे कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांच्याशी. ते 1979 च्या डाव्या सांदिनिस्ता क्रांतीनंतर तिथल्या सरकारात संस्कृतिमंत्री झाले, आणि 1983 साली मानाग्वाच्या विमानतळावर गुडघे टेकलेल्या कार्देनाल यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी बोट उगारून खडसावले. इतक्या लोकांसमक्ष अपमान करणे मला पटत नाही, पण धर्मगुरूने सरकारी पदावर बसू नये हा पोप यांचा आक्षेप मला मान्य आहे. 1982 च्या सुमारास त्याच सरकारने मिस्किटो आदिवासींना त्यांच्या गावांतून सक्तीने हलविले. त्या गावांची नावे रविवारच्या प्रवचनात मोठ्याने वाचणे सत्तेत बसलेल्या धर्मगुरूला कसे जमणार होते?